दहावीनंतरचे मार्गदर्शन: काका-मामांसाठी

दहावीचा निकाल लागला की पोरं तुमच्याकडे सल्ल्याला येणारच. तुमचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे आयटीआयवर बोलायला तुमच्याइतका लायक माणूस गल्लीत दुसरा नाही. सुरुवात ‘आजकाल हाताला कौशल्य पाहिजे’ अशी करा. कुणाच्या हाताला, ते अध्याहृत ठेवा.

मुलगी आली आणि ‘फिटर करायचंय’ म्हणाली, तर हसू नका. हसणं जुनं झालं. त्यापेक्षा काळजी करा. काळजीला उलट उत्तर देता येत नाही. 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, हा विषय टाळा. शिवणकाम आणि कॉस्मेटॉलॉजी ही नावं मात्र दोन-तीनदा घ्या. दिवसभर उभं राहावं लागतं, हाताला घट्टे पडतात, असं सांगा. ती सकाळी विहिरीवरून चार हंडे आणून मग तुमच्याकडे आलीय, हे चर्चेत येऊ देऊ नका. (अशी एक मुलगी मी पाहिली आहे. शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलेली लोखंडी पट्टी कानशीने घासायची, सोडवायची, काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायची. फटीतून उजेडाची रेघ दिसली की पट्टी पुन्हा शेगड्यात. मार्गदर्शकांनी अशा ठिकाणी जाऊ नये, मन विचलित होतं.)

दिव्यांग मुलासाठी आवाज मऊ लावा. 2016 च्या हक्क कायद्याचं मनापासून कौतुक करा. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर जिना कायद्याच्या आधीचा आहे, त्याला कोण काय करणार? मुलगा बहिरा असेल तर ‘वेल्डिंगच्या शेडमध्ये धोका असतो रे’ म्हणा. तिथल्या गोंगाटात ऐकू येणारेही हातवारे करूनच बोलतात, पण ते त्याला कशाला सांगायचं?

नंदुरबारच्या डोंगरात, धडगावकडच्या पाड्यावरचा कुणी भेटला तर काम सोपं आहे. ‘आता सगळं ऑनलाइन, घरबसल्या फॉर्म भर!’ घर कुठे बसलंय, ते विचारू नका. रेंजसाठी तो टेकडी चढेल, ओटीपी येईपर्यंत वेळ संपेल, पुन्हा चढेल. मग जातीच्या दाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक निघेल. तेवढ्यात प्रवेशाची फेरी संपते. ‘ही पोरं मुदत पाळत नाहीत’ हे वाक्य तयार ठेवा, दरवर्षी उपयोगी पडतं.

कुणी फारच पिच्छा पुरवला तर सांगा की आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून चालू आहे. इतकी वर्षं दार उघडंच आहे म्हटल्यावर बाहेर राहिलेल्याचीच चूक, हे समोरचा आपोआप समजून घेतो.

राहता राहिला तुमच्या घरचं वायरिंग करणारा. वीस वर्षं हेच काम करतोय, कागद एकही नाही. परवा तो म्हणाला, ‘साहेब, या वयात सर्टिफिकेट काढता येईल का?’ तुम्ही म्हणालात, ‘आता शिकून काय करणार? तुला येतंच की सगळं.’ उत्तम. मग त्याने एमसीबी बदलला, पंखा सुरू करून दाखवला आणि तीनशे रुपये मागितले. तेव्हा तुम्ही विचारलंत ना, ‘तीनशे? तू काय इंजिनिअर आहेस का?’