इच्छुक पालक

म्हाडाच्या सोडतीत माझं नाव आजवर कधी लागलेलं नाही. सोसायटीच्या गणपतीत हाऊजी असते, तिथे साधी वरची ओळसुद्धा कधी पुरी झाली नाही. यंदा मात्र शाळेच्या सभागृहात पहिलीतल्या एका चिमुरडीने बरणीत हात घालून पहिलीच चिठ्ठी काढली ती माझी. मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर चौथीचा पालक प्रतिनिधी झालो. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात वाजवणारे ते बाबालोक होते, ज्यांनी चिठ्ठी टाकलीच नव्हती.

हा सोडतीचा प्रकार शाळेच्या मनाचा नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्काबाबत 2011 चा कायदा आहे, त्यातच तसं लिहिलंय. प्रत्येक पालक आपोआप संघाचा सभासद, वर्गणी शहरात वर्षाला 20 रुपये, खेड्यात 10. समिती मात्र इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायची. आमच्या घरी इच्छा हिची होती, नाव माझं. "तुम्हाला रविवारी पेपर वाचून झाल्यावर देशाचं सगळं कळतं, मग शाळेचं कळायला काय हरकत आहे?" हा तिचा मुद्दा होता आणि मला तो अजून खोडता आलेला नाही.

मी कायदा रात्री बसून वाचला. वाचता वाचता ताठ बसलो. पुढच्या वर्षी फी किती घ्यायची, याचा प्रस्ताव संस्थेने सहा महिने आधी आमच्यापुढे ठेवायचा! आम्ही तो मान्य करायचा किंवा नाही करायचा! पटलं नाही तर मामला विभागीय शुल्क नियामक समितीकडे! ज्या माणसाला घरात पंखा किती नंबरवर ठेवायचा हे विचारलं जात नाही, त्याला एवढे अधिकार एकदम मिळाले तर झोप कशी लागावी?

सकाळी लिफ्टमध्ये तिसरी-अ ची आई भेटली. (समितीत गेल्यापासून मला माणसांची नावं आठवत नाहीत, इयत्ता आणि तुकडी आठवते.) म्हणाली, "तुम्ही कमिटीवर ना? मग मोज्यांचं काहीतरी करा. इलास्टिक दोन धुण्यांत जातं." खाली व्हॅनवाले काका थांबले होते. त्यांचं म्हणणं, गेटसमोरचा तो रसवंतीवाला हलवा. संध्याकाळी दुसरी-क च्या आजोबांचा फोन. त्यांना कशाचीच तक्रार नव्हती, पण आमच्या वेळच्या शाळा कशा होत्या हे कोणत्या तरी अधिकृत व्यक्तीला सांगायचं होतं. फीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. फीबद्दल सगळे बोलतात ते ग्रुपवर, रात्री अकरानंतर, आणि लाल तोंडाच्या बाहुल्यांमधून.

पहिल्या बैठकीची विषयपत्रिका आली. पहिला विषय दप्तराचं ओझं, शेवटचा विषय शुल्क. मध्ये वाढदिवसाला वर्गात केक चालेल का, वगैरे.

दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड असू नये, असा सरकारी नियम आहे. सहावीच्या बाबांनी तो पाठ केला होता, शिवाय पिशवीतून स्प्रिंगचा काटा आणला होता, भंगारवाल्याकडे असतो तसला. मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाला पाठवून चौथीतलं एक दप्तर मागवलं. ते आमच्या चिरंजिवांचं निघालं, हा योगायोग असेल असं मी धरून चाललो आहे. काटा साडेपाच किलोवर गेला. चिरंजीव स्वतः सव्वीस किलो. सहावीचे बाबा विजयी मुद्रेने बाईंकडे बघू लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "उघडून बघू या का?"

दप्तरातून वेळापत्रकाप्रमाणे लागणारी चार पुस्तकं निघाली. मग वेळापत्रकात नसलेली तीन. गेल्या वर्षीची परिसर अभ्यासाची वही. दोन पाण्याच्या बाटल्या, एक पाण्याची आणि एक "पहिलीतलं कमी पडलं तर". दिवाळीतल्या किल्ल्यावरचा एक मावळा. कुणाचा तरी डावा मोजा, इलास्टिक गेलेला. आणि तळाशी, रुमालात नीट गुंडाळून, नदीतले गोटे. सहावीच्या बाबांनी गोटे वेगळे तोलले. पाऊण किलो भरले. यावर चर्चा अशी रंगली की विचारू नका. गोटे शैक्षणिक साहित्यात धरायचे की नाही यावर विज्ञानाच्या सरांचं मत वेगळं पडलं. केकचा विषय निघेपर्यंत चहा दोनदा होऊन गेला होता.

गावाकडे माझा चुलतभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. ती समिती वेगळी, शिक्षण हक्क कायद्यातली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेच लागतात आणि निम्म्या बायका. मी त्याला फोनवर आमच्या बैठकीचं वर्णन ऐकवलं. तो म्हणाला, "आम्ही आधी खिचडी चाखतो, मग छतावर चढतो." चाखतात ती पोरांसाठी शिजलेली, आणि चढतात ते पावसाआधी कौलं बघायला. मग थोडा थांबून म्हणाला, "तुमच्याकडे गळत नाही का काही?" मी म्हटलं, आमच्याकडे इलास्टिक. खरं सांगतो, त्याचा हेवा वाटला. त्याच्या बैठकीतून उठताना माणसाच्या हाताला निदान कौलाची धूळ तरी लागलेली असते.

तर शुल्क. हा विषय निघाला तेव्हा व्हॅन सुटायची वेळ झाली होती आणि अर्धी समिती पर्स काखेला लावून उभी होती. वाढीचा तक्ता फिरला. सगळ्यांनी तो शेवटच्या आकड्यापासून वाचला, हॉटेलचं बिल वाचतात तसा. संस्थेचे प्रतिनिधी म्हणाले, "महागाई तुम्ही पाहताच आहात." आम्ही सगळ्यांनी महागाई पाहत असल्यासारखे चेहरे केले. मी कायदा वाचलेला माणूस, घसाही खाकरला, पण कोणतं कलम आधी काढावं ते सुचेना.

तेवढ्यात आठवीची आई बोलली. ही बाई गोट्यांच्या चर्चेत एक अक्षर बोलली नव्हती, नुसती विणत होती. ती कुठल्याशा सीएच्या ऑफिसात हिशेब बघते हे आम्हाला तेव्हा कळलं. सुई न थांबवता म्हणाली, "जनरेटरचं डिझेल दोन ठिकाणी दिसतंय. एकदा देखभालीत, एकदा इतर खर्चात."

संस्थेचे प्रतिनिधी म्हणाले, छपाईची चूक असेल.

"असेल. जनरेटर कुठे आहे?"

आता हा प्रश्न तसा साधा. पण बाईंनी सरांकडे पाहिलं, सरांनी क्लार्ककडे पाहिलं, क्लार्क म्हणाला शिपायाला माहीत असेल. गेल्या संमेलनात ऐन नाटकात लाइट गेले होते, तेव्हा औरंगजेबाला मोबाइलच्या उजेडात मरावं लागलं होतं, हे सहावीच्या बाबांना नेमकं आता आठवलं. व्हॅन गेली. कोणी हललं नाही. सगळी समिती शिपायामागून रांगेने निघाली, सहावीच्या बाबांच्या हातात अजून तो काटा.

रंगमंचामागे, खो-खोच्या खांबांच्या पलीकडे जनरेटर होता. त्याच्यावर वॉचमनचे कपडे वाळत घातले होते. क्लार्कने दोनदा बटण दाबून पाहिलं, मग शिपायाने दोनदा. आठवीच्या आईने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, पुन्हा लावलं आणि चष्मा पुसला. वाढीचा निर्णय हिशेबाची मूळ कागदपत्रं येईपर्यंत पुढे ढकलण्यात आला, एकमताने. संस्थेच्या प्रतिनिधींनीही हात वर केला, बहुधा सवयीने.

सचिव म्हणजे मराठीच्या बाई. त्या तिथेच, खांबावर वही टेकवून, इतिवृत्त लिहू लागल्या. "समितीने जनरेटरची प्रत्यक्ष पाहणी केली. जनरेटर सुरू झाला नाही." मग पेन थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "टॉवेलचं लिहायचं का?"

"लिहा," आठवीची आई म्हणाली. "दोन टॉवेल, एक बनियन. बनियन ओलं होतं, तेही लिहा."