आत्याच्या फॉरवर्डला उत्तर

मुलुंडच्या आत्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "खरं आहे का रे हे?" तिने निदान विचारलं तरी, म्हणून लिहितोय. एरवी असले मेसेज मी न वाचताच उडवतो.

१ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला इंग्रजांची कंपनी आणि पेशवे यांच्यात लढाई झाली, तिच्या आठवणीत दरवर्षी लोक तिथे जमतात. मेसेजचं म्हणणं असं: हा १ जानेवारी म्हणजे इंग्रजांच्या विजयाचा उत्सव. महार सैनिकांची गोष्ट रचलेली. लढाई इंग्रजांनी जिंकलीच नव्हती. आणि प्रगत देशांनी फूट पाडणारे असले सोहळे केव्हाच बंद केलेत, तेव्हा इथेही बंदी घाला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण ती सरळसरळ थाप आहे. उत्तर आयर्लंड बघा. १६९० मध्ये बॉइनच्या लढाईत प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक जेम्सला हरवलं. त्याच्या आठवणीत ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे लोक आजही दर १२ जुलैला ढोल-बासऱ्या घेऊन रस्त्यावर उतरतात. पोर्टाडाउनमध्ये त्यांची एक मिरवणूक कॅथलिक वस्तीतल्या गार्व्हाही रोडवरून जायची आणि त्यापायी डोकी फुटायची. मग १९९८ च्या कायद्याने परेड्स कमिशनला अधिकार दिले. मिरवणूक कुठून न्यायची, बँड कुठे थांबवायचा, हे ते ठरवतं. सरसकट बंदी घालायचा अधिकार त्याला नाहीच. गार्व्हाही रोड त्या वर्षापासून बंद झाला, १२ जुलै चालू आहे. आपल्याकडेही १ जानेवारीला पुणे-नगर रस्त्याची वाहतूक वळवतातच की! आणि कोरेगावला तर कोणाच्या दारावरून मिरवत जायचंच नसतं. २०१८ ला दगड खाल्ले ते लढाईच्या स्मारकस्तंभाकडे निघालेल्या लोकांनी. त्याविरोधातल्या ३ जानेवारीच्या बंदमध्ये आत्या ठाणे स्टेशनवर चार तास अडकली, तिचा राग तेव्हापासूनचा आहे. तो मला कळतो. पण त्यावर उपाय बंदोबस्त हा आहे.

इंग्रजांचा विजय म्हणे! ३१ डिसेंबरला रात्री आमच्या नाक्यावरून टेम्पो ट्रॅव्हलर सुटते, मी दोनदा गेलोय. कंपनी सरकारचा जयजयकार करणारा एकही माणूस दिसला नाही. एक आजी मात्र नातवाकडून स्तंभावरची, लढाईत पडलेल्या सैनिकांची नावं वाचून घेत होत्या. 'नाक'ने संपणारं नाव आलं की म्हणायच्या, "हं, आपलं." 'नाक' हे तेव्हा महारांच्या नावाला लागायचं. ४९ पैकी २२ नावं तशी आहेत, म्हणजे 'रचलेली गोष्ट' तिथेच निकालात निघते. ज्यांच्यासाठी ते मेले, त्या गोऱ्यांनीच पुढे महारांची भरती बंद केली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभापाशी गेले, ते काही इंग्रजांची आरती ओवाळायला नाही.

राहिला निकाल. इथे मेसेजवाला अर्धा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. १८१८ च्या त्या दिवशी कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी गावात तग धरून राहिली, पेशव्यांची फौज निघून गेली. पण स्टॉन्टनही पुण्याला न जाता शिरूरलाच परतला. त्याच्या तुकडीत मराठे होते, मुसलमान होते. पेशव्यांकडून अरब लढत होते. आणि नेहमी सांगतात त्या '५०० विरुद्ध २८,०००' मधले २८,००० म्हणजे पेशव्यांची सगळी फौज, गावावर चालून गेले ते दोनएक हजार. हे मी गाडीतल्या पोरांनाही सांगितलं होतं. शिक्रापूर येईपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.