काय म्हणते ती कॅप्टन?

आमच्या घरात इंग्रजी सिरियल एकट्याने बघायची सोय नाही. टीव्ही दिवाणखान्यात, रात्रीची ताटं टीव्हीसमोर, आणि आईला इंग्रजी येत नाही. म्हणजे पडद्यावर जे घडेल ते मी घास गिळता गिळता मराठीत सांगायचं. एरवीच्या हिंदी मालिकांना माझी गरज पडत नाही. पण कन्या हॉस्टेलवरून सुट्टीला आली की विज्ञानकथांच्या जुन्या मालिका शोधून लावते आणि इंदूरच्या लोकमान्य नगरात बसून मी परग्रहांचं कीर्तन सुरू करतो.

यानं, किरणांच्या बंदुका, कपाळावर वळ्या असलेले लोक यात काही अडचण नाही. आईला पुष्पक विमान ठाऊक आहे. पंचाईत होते ती आपली म्हणून सांगितलेली माणसं भलतंच वागायला लागली की.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’मधला १९९६चा ‘टूविक्स’ हा भाग घ्या. एक शिस्तीचा सुरक्षा अधिकारी आणि एक बडबड्या स्वयंपाकी एका ग्रहावर फुलं-पानं गोळा करायला जातात. माणसं इकडून तिकडे पाठवणाऱ्या यंत्रातून परतताना त्यातल्या एका ऑर्किडमुळे घोटाळा होतो आणि दोघांचा मिळून एकच माणूस बाहेर पडतो. हा नवा माणूस चांगला निघतो; हुशार, प्रेमळ, वर स्वयंपाकही जमतो. पुढे डॉक्टरला दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते. हा म्हणतो, मला जगायचंय. डॉक्टर हात लावायला नकार देतो. मग कॅप्टन जेनवे बाई स्वतःच ते काम उरकतात. नेण्याआधी तो सहकाऱ्यांना विनवतो. एकही जण तोंड उघडत नाही.

माझा आवाज जड झाला होता. आई वाती वळत म्हणाली, “बरोबर केलं तिने. मिसळलेलं वेगळं करायलाच हवं.”

सहा प्रकारांत कचरा वेगळा देणाऱ्या शहरात या मुद्द्यावर वाद घालता येत नाही. शेजारच्यांनी दुधाची पिशवी ओल्या कचऱ्यात टाकली तर आई गॅलरीतून हाक मारून ती परत काढायला लावते.

“अगं, पण तो जिवंत होता!”

“आणि ते दोघं काय मेलेले होते?”

जेनवे बाईंनी खून केला असं माझं स्पष्ट मत आहे. चाहते या भागावर अजून भांडतात. आमच्याकडे ताक वाढेपर्यंत निकाल लागला होता.

काका ट्रेझरीतून रिटायर झालेले. त्यांना ‘डीप स्पेस नाइन’चा १९९८चा भाग आवडला. त्यात कॅप्टन सिस्को युद्धात दुसऱ्या साम्राज्याला ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो. ज्या सेनेटरला बनवाबनवी कळते त्याचं यान सिस्कोचा साथीदार परस्पर उडवतो, आणि डाव यशस्वी होतो. सिस्को हे सगळं स्वतःच्या रोजनिशीत सांगत असतो. काकांना खुनाचं काही वाटलं नाही. ते रोजनिशीवरून अस्वस्थ झाले. “अरे, रेकॉर्डवर कशाला बोलून राहिला हा?” शेवटी सिस्कोने नोंद पुसून टाकली तेव्हा काकांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

‘ब्लॅक मिरर’च्या २०१४च्या ख्रिसमस भागाच्या वेळी बायको पोळ्या लाटत होती. त्यात एक श्रीमंत बाई आपल्या मनाची हुबेहूब नक्कल काढून घेते, घर सांभाळायला. नकलेला वाटत असतं, मीच खरी. ती राबायला तयार होत नाही म्हणून तिला पांढऱ्या रिकाम्या खोलीत ठेवतात आणि तिथला काळ पळवतात. बाहेर काही क्षण जातात, आत सहा महिने. झोप नाही, काम नाही, कोणी बोलायला नाही. शेवटी ती काहीतरी करू द्या म्हणून गयावया करते. मग बाईसाहेबांना हवा तसा टोस्ट मिळायला लागतो.

मी म्हटलं, “भयंकर आहे ना?”

“सहा महिने काम नाही?” स्वयंपाकघरातून आवाज आला. लाटणं थांबलं. “बरं, पुढे? तिचंच घर तिलाच चालवायला लावलं, तेही फुकट. यात विज्ञान कुठे आहे?”

मी ताट उचलून ठेवायला गेलो. सहसा जात नाही.

पण खरा छळ ‘टॉर्चवुड: चिल्ड्रन ऑफ अर्थ’चा. बीबीसीने २००९ साली ही पाच भागांची गोष्ट लागोपाठ पाच रात्री दाखवली होती. परग्रहावरून आलेले पाहुणे पृथ्वीवरची १० टक्के मुलं मागतात, कारण मुलांच्या शरीरातल्या रसायनांची त्यांना नशा चढते. राक्षस मी बघू शकतो. मला बघवत नाही ती मंत्र्यांची बैठक. सुटाबुटातली माणसं बसून ठरवतात, कोणाची मुलं द्यायची. एक बाई शांतपणे सुचवते की शाळांच्या निकालाच्या याद्या तयारच आहेत, तळातल्या शाळा घ्याव्यात.

“मंत्र्यांची मुलं नसतील ना त्यात?” आईने विचारलं.

“नाहीत.”

“मग बरोबर दाखवलंय.”

“निकालावरून काढणार असतील तर एमपी बोर्डवाल्यांवर अन्याय आहे,” काका म्हणाले. “सीबीएसईला मार्क सढळ देतात.”

“प्रॅक्टिकलचे धरणार का?” बायको.

“बाबा, तुम्हाला दहावीत किती होते?” कन्या.

मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

शेवटच्या रात्री जगभरची मुलं वाचवायला एका मुलाचा बळी द्यावा लागतो आणि हाताशी असतो फक्त नायकाचा स्वतःचा नातू. नायक नातवाला उभा करतो. आईचा चष्मा देवापाशी राहिला होता, पण किंकाळी कळायला चष्मा लागत नाही. वाती वळायच्या थांबल्या.

“अरे, पोरगा का पडला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“दमला.”

“उठेल ना?”

“उठला.”

“मग त्याची आई का रडून राहिली?”

“आनंदाने.”

कन्येला ठसका लागला. काकांना इंग्रजी उत्तम येतं. त्यांनी शेवेचा डबा पुढे ओढला आणि सही करायच्या आवाजात म्हणाले, “उठला, वहिनी. मीही पाहिलं.”