मराठी कवितेतला निसर्ग गुळगुळीत? कोणी सांगितलं?

पावसाळा लागला की एक पोस्ट हमखास फिरते: मराठी कवींचा निसर्ग म्हणजे श्रावण, फुलं आणि हिरवे गालिचे. रौद्र रूप त्यांना दिसलंच नाही, आणि दिसलंच तर ते माणसाची जिद्द मिरवण्यापुरतं.

पहिला आरोप बालकवींच्या जिवावर चाललाय. शाळेत ‘श्रावणमासी’ आणि ‘फुलराणी’ पाठ केल्या, की झाला सगळ्या मराठी कवितेचा निकाल! सतराव्या शतकात रामदासांनी महाडजवळच्या शिवथरघळीचा धबधबा लिहिलाय:

गिरीचे मस्तकी गंगा, तेथुनी चालली बळें ।
धबाबा लोटती धारा, धबाबा तोय आदळे ॥

मोठ्याने म्हणून बघा. पाणी आधी कानावर आदळतं, मग डोळ्यांपुढे येतं. पुढे त्याचे तुषार उडतात, वाऱ्यात मिसळून धुकं होतात. समर्थांना तिथे विश्रांती वाटते हे खरं, पण ती या गडगडाटातच. यात गालिचा कुठे आहे?

जिद्दीचा मुद्दा अर्धा खरा. कुसुमाग्रजांचा कोलंबस समुद्राला चक्क पामर म्हणतो. पण त्यांचीच ‘कणा’ घ्या. तिची शेवटची ओळ, ती ‘लढ’वाली, व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी पाठवलेली असते; पूर मात्र कोणालाच आठवत नाही. नदी पाहुणी म्हणून येते, माहेरवाशिणीसारखी घरभर नाचते आणि जाताना होतं-नव्हतं सगळं घेऊन जाते. भिंत खचलेली, चूल विझलेली. सरांना भेटायला आलेला जुना विद्यार्थी हे हसत सांगतो, म्हणून तर ते जास्त लागतं. तिथे पुरावर कोणी मात केलेली नाही. चिखल काढणं चालू आहे.

आणि इंदिरा संतांची ‘नको नको रे पावसा’? तिच्यात तर जिद्दीचा लवलेश नाही. घर चंद्रमौळी, पाऊस अवेळी, आणि बाईला पडलेला प्रश्न असा की गळक्या कौलांखाली लावायला एवढी तांबे-सतेली-पातेली आणायची कुठून. ती पावसाला दटावते, विनवते. मग मध्येच पवित्रा बदलते: एवढा धिंगाणा घालायचाच असेल, तर वाटेवर निघालेल्या माझ्या सख्याला आडवा जा आणि विजेला कडाडायला लावून त्याला माघारी आण. पाऊस ऐकेल की नाही, ते कवितेत कुठेच नाही.