रिकॉल आला म्हणजे गाडी भंगार? त्या मेसेजले उत्तर

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून रायला: "कंपनीनं गाड्या वापस बोलावल्या म्हणजे मॉडेलच भंगार, गाडी चालते तोवर शोरूममध्ये जाऊ नका, गेले की बिल फाडतात, अन् सेकंड हँडवाल्याले तर कोणी विचारतच नाही."

पहिले भंगारचं पाहू. रिकॉल बहुतेक वेळा पूर्ण मॉडेलचा नसते, ठराविक तारखांत बनलेल्या गाड्यांचा राहते. जुलै 2023 मध्ये मारुतीनं इको अन् एस-प्रेसो मिळून 87,599 गाड्या बोलावल्या, 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 मधल्या, कारण स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये, म्हणजे स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्यात, दोष असू शकत होता. त्याच्या आधीची इको त्यात नव्हतीच.

"मस्त चालते ना" म्हणणाऱ्याले काय सांगाव. टाय रॉड तुटायच्या आदल्या दिवशीही गाडी मस्तच चालते बाप्पा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं तर अजून बेकार, त्यात फुगा फुगवायले अमोनियम नायट्रेट भरलं होतं, वर्षानुवर्षाच्या गर्मी अन् दमटपणानं ते बिघडलं की एअरबॅग उघडताना आतला डबा फुटते अन् लोखंडाचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात, जगभर लोकं मेले यानं. हे गावचा मिस्त्री बोनेट उघडून कसं पाहीन?

बिलाचं म्हणाल तर रिकॉलचं काम फुकट, पार्टही अन् मजुरीही. संगं ऑइल, फिल्टर बदललं तर त्याचे पैसे लागनच, बोंब तिथूनच उठली असन. गाडी देतानाच जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, "फक्त रिकॉल" लिहून घ्या. अन् रिकॉल करणं कंपनीच्या मर्जीवरही नाही राहिलं, 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110ए आलं, सरकार स्वतः रिकॉलचा आदेश देऊ शकते.

आता सेकंड हँड, आपल्याकडं मुद्दा हाच आहे. रिकॉल चेसिस नंबरवर राहते, मालकाच्या नावावर नाही. पण फोन अन् पत्र जाते कंपनीच्या रेकॉर्डवरच्या जुन्या मालकाले, म्हणजे गाडी दारव्ह्याच्या पांदणीवर अन् मेसेज नागपुरात. म्हणून आपणच पाहायचं: आरसीवरचा 17 अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, नाही जमलं तर वर्कशॉपले फोनवर सांगा. त्यात इंग्रजी ओ कधीच नसते, गोल दिसला की शून्य समजा.

जायचा ताप मात्र खरा आहे, कापूस वेचणीत एक दिवस मोडला की मजूर दुसऱ्याच्या वावरात जातात. तर निघायच्या आधी पार्ट आला का ते विचारा अन् तारीख घेऊनच निघा.