कॉलनीत बाग करायचीय? आधी फलक उभा करा

सोलापुरात राहून कॉलनीत सार्वजनिक बाग करायचं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन. मे महिन्यात पारा 44 ला टेकला की माणसाला असलं काहीतरी सुचतंच. हा उत्साह पहिल्या पावसात ओसरायच्या आत कामाला लागा. कामाला लागायचं म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा. कुदळ कोणाकडे आहे, फावडं कोणाकडे, असले क्षुद्र प्रश्न त्यावर टाकू नका. ग्रुपचं नाव, डीपी आणि ॲडमिन कोण यावर दोन आठवडे सहज जातात आणि तेवढ्यात अर्धी बाग झाल्यासारखं वाटू लागतं.

जागेचा प्रश्नच नाही. प्रत्येक ले-आऊटमध्ये एक ओपन स्पेस असतेच. सध्या तिथे गाजर गवत, कोणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा आणि मांडवाच्या खांबांचे खड्डे असतील. जागा कागदोपत्री कोणाची, परवानगी कोणाची लागते, याची चौकशी करायला जाल तर कागद काढावे लागतील, आणि मग बाग खरंच करावी लागेल. त्यापेक्षा फलक करा. ‘संकल्पना’, ‘सौजन्य’, ‘प्रेरणास्थान’ आणि ‘विशेष सहकार्य’ या चार ओळींत कॉलनीतलं कोणीही सुटता कामा नये. फलक ऐसपैस हवा. पहिली चार-पाच वर्षं बागेत सावली म्हणून जी काही पडेल ती त्याचीच.

मुहूर्त अर्थातच 5 जून, जागतिक पर्यावरण दिन. सोलापूर पर्जन्यछायेतलं, इथला जोराचा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात येतो आणि जूननंतर मध्येच मोठी उघडीप पडते, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. पण सप्टेंबरात गणपती असतात, पाहुणे मोकळे नसतात. रोपाने थोडं समजून घ्यावं. लावताना रोप पाहुण्यांच्या हातात द्या, फोटो नीट येईपर्यंत त्यांना वाकून ठेवा, मग खड्ड्यात सोडा. मुळाभोवतीची काळी प्लॅस्टिकची पिशवी फाडायची राहिली तर राहू द्या, फोटोत ती दिसत नाही.

आता लावायचं काय? कडुनिंब नको. तो इथे भिंतीच्या फटीतूनही फुकट उगवतो, त्याचं उद्घाटन काय करणार? शेवगा, कढीपत्ता, चिंच यांच्याबद्दलही तेच. बाग म्हणजे लॉन. भर उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज पाचेक लिटर पाणी लागतं, म्हणजे 100 चौरस मीटरला पाचशे लिटर. उजनी धरण आहेच की, 117 टीएमसीचं! त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी न वापरायचं पाणी आहे आणि म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी वाचायची आपल्याला सवय झालीय, पण बागेच्या बैठकीत असलं अभद्र बोलायचं नसतं. लॉन वाळलंच तर घाबरू नका, या गावात अंथरायला चादरी कमी नाहीत.

पाणी घालायच्या पाळ्या लावा. तक्ता छान होतो, रंगीत काढा, लॅमिनेशन करा. सोमवार पाटील काका, मंगळवार अण्णांच्या घरचे, बुधवार तळमजल्यावरच्या वहिनी. नळाला पाणी कितव्या दिवशी आणि कितीला सुटेल हे मात्र तक्त्याला विचारू नका. ते सुटलं की ज्याची पाळी असते तोच आधी घरची मोटर लावतो, मग पिंप, मग बादल्या, मग घागरी, आणि बागेची आठवण येईपर्यंत नळ फुसफुसायला लागलेला असतो. बागेचा पाइप तोवर कोपऱ्यात वेटोळं घालून पडलेला, फुटलेल्या ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून. कट्ट्यावरचं एखादं आगाऊ पोरगं विचारेल, “काय करालास बे, पाणी कुठनं आणणार?” त्याला ताबडतोब सदस्य करून घ्या आणि गुरुवारची पाळी द्या. पुन्हा तोंड दाखवणार नाही.

जाणकारांपासून लांब राहा, ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. जवळच केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी ठिबकवर पिकवलेल्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालंय. या लोकांना विचारलंत तर ते म्हणतील, ठिबक टाका, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा, ओल टिकते. आता पालापाचोळा बुंध्याशी ठेवला तर सकाळी पेटवायचं काय? मंगळवेढ्याकडून आलेल्या एक मावशी आमच्या कॉलनीत भांडी घासायला येतात. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात पाणी तुंबलं तर मुळं कुजतात, म्हणून आधी चर काढा, असं त्या कोणी न विचारता सांगून गेल्या. समितीने लगेच यूट्यूबवर केरळातल्या बागेचा व्हिडिओ लावला.

त्याच मावशींनी व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी, जिथे पाणी कायम झिरपतं, तिथे वांग्याची चार रोपं खोचली होती. आता बागेत हिरवं तेवढंच आहे. तुमच्याकडेही असं काही उगवलं तर ताबडतोब सभा बोलवा. ‘सार्वजनिक जागेत विनापरवाना भाजीपाला’ हा विषय पत्रिकेवर घ्या, ठराव एकमताने मंजूर करा आणि रोपं उपटायची जबाबदारी सेक्रेटरींवर द्या. आमच्या सेक्रेटरींनी ती घेतली आहे. वांगी अजून कोवळी आहेत, थोडी भरू द्या, मग कारवाई करतो म्हणाले. घरी शेंगदाण्याचं कूट करून ठेवलंय.