तीनशेचा आकडा आणि बाकीची भोंदूगिरी

‘मायनर लीगमधला उद्याचा स्टार ओळखायच्या पाच खुणा’ हा बेसबॉलवरचा फॉरवर्ड सध्या न्यू जर्सीतल्या आपल्या आईबाबांच्या ग्रुपांवर फिरतोय. (मायनर म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू तयार करणाऱ्या लीग.) फिरेना का! पण माझ्या धाकट्या भावाने तो वाचून पोराला फर्मावलं, “वॉक घेत बसू नकोस, बॅट फिरव, ॲव्हरेज वाढव.” पोरगा चौदा वर्षांचा आहे. म्हणून हे लिहावं लागतंय.

खूण पहिली आणि सगळ्यात घातक: ‘ॲव्हरेज .३०० च्या वर म्हणजे मेजर लीग पक्की.’

अहो, ॲव्हरेज म्हणजे हिट (चेंडू मारून गाठलेला बेस) भागिले ॲट-बॅट (वॉक वगळून बॅटिंगच्या पाळ्या); .३०० म्हणजे दहात तीन हिट. त्यात वॉक धरतच नाहीत. चार वाईट चेंडू सोडून शांतपणे, म्हणजेच वॉक घेऊन, पहिल्या बेसवर जाणारा बॅटर या हिशोबात दिसतच नाही. दिसतं ते काय? ब्रिजवॉटरला सॉमरसेट पॅट्रियट्स या मायनर संघाच्या मॅचला जाऊन बसा. एकाच्या बॅटला मुठीजवळ चेंडू लागतो, मरतुकडा उडतो आणि सेकंड बेसमनच्या मागे टपकतो. हिट! पुढचा कडकडीत हाणतो, तो थेट शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये. आउट. महिन्याभराचं ॲव्हरेज एवढ्यावर वरखाली होतं.

बरं, आकडा खरा धरू. पण काढला कुठे, ते बघायचं की नाही? ब्रँडन वुड, २००५, मायनरमधली कॅलिफोर्निया लीग, रँचो कुकामोंगाचा संघ. वय २०, ॲव्हरेज .३२१, होमरन ४३. फॉरवर्डच्या हिशोबाने हा देवच. मेजर लीगमधल्या अख्ख्या कारकिर्दीत ॲव्हरेज .१८६, होमरन १८. ती लीग म्हणजे बॅटरांसाठी पाटा खेळपट्टी, त्यात पाहिजे तिथे स्लायडर (वळणारा चेंडू) टाकता न येणारे कच्चे पिचर. मायनरच्या आकड्यांवरून मेजरचा अंदाज बांधता येतो, पण आधी लीग आणि मैदान यांची वजावट करा, हे बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी १९८५ मध्येच मांडलंय. आणि वय? पंचविशीतल्याने सिंगल-एमध्ये पोरासोरांना बडवून काढलेले .३१० आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच्या वरच्या पायरीवर, डबल-एमध्ये काढलेले .२६०, यात स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारा) दुसऱ्याच्या मागे जातो.

खूण दुसरी: ‘स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) जास्त, तर नावावर काट मारा.’ यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. वुडचंही घोडं तिथेच अडलं. पण ॲरन जज? याच राज्यात, ट्रेंटनला डबल-ए खेळून गेला. २०१६ मध्ये मेजर लीगमध्ये यँकीजकडून ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट, ॲव्हरेज .१७९. पुढच्या वर्षी स्ट्राइकआउट २०८, पण होमरन ५२, वॉक १२७ आणि वर रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू. त्या १२७ कडे बघा. भाऊ पोराला नेमकं तेच सोडायला सांगतोय.

तिसरी: ‘ड्राफ्टच्या (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या) पहिल्या फेरीत नसलेला विसरा.’ पहिल्या फेरीतले जास्त पोचतात, खरंय. क्लबने पैसाही त्यांच्यावरच ओतलेला असतो, संधीही त्यांनाच जास्त. पण माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत निवडला गेला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये बसला.

चौथी: ‘सहा फुटांखालचा चालत नाही.’ होसे आल्टुवे, पाच फूट सहा इंच, २०१७ चा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू. झालं.

पाचवी: ‘खऱ्या स्टारच्या डोळ्यांत भूक दिसते.’ स्टँडच्या कितव्या रांगेतून, ते मात्र लिहिलेलं नाही.